कोब्याखालचं इन्सुलेशन: सुतारखोलीच्या कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी

पाया झाला, भिंती जोत्यापर्यंत आल्या. आतली माती अजून उघडी आहे. खोली आतून ५ मीटर बाय ८ मीटर. माती चिकण, मुठीत दाबली की गोळा होतो आणि तसाच राहतो. बेत असा आहे: मातीवर धुतलेली खडी, खडीवर इन्सुलेशन, त्यावर १२५ मिमी जाडीचा काँक्रीटचा कोबा, आणि कोब्याच्या पोटात गरम पाण्याचे पाईप.

जुन्या खोलीत सात हिवाळे मी नुसत्या कोब्यावर उभी राहून रंधा मारला. हीटर डोक्याच्या उंचीवरची हवा तापवायचा, आणि थंडी मात्र टाचांतून गुडघ्यांपर्यंत चढायची. जाड तळव्यांचे बूट झाले, लाकडी पाट झाले, रबराच्या चटया झाल्या. नव्या खोलीत हे दुखणं मुळातून काढायचं आहे.

छपराचं इन्सुलेशन चुकलं तर वर चढून बदलता येतं. खिडकी चुकली तर खिडकी बदलता येते. कोब्याखाली गाडलेली वस्तू बदलायची तर १२ टन काँक्रीट फोडावं लागेल. म्हणून या एका निवडीला हवा तेवढा वेळ द्यायचा आणि सगळं लिहून ठेवायचं.

१५ फेब्रुवारी

आज फक्त आकडेमोड. जाडी किती हवी?

जमिनीला टेकलेल्या कोब्यातून उष्णता सगळीकडून सारखी जात नाही. खोलीच्या मध्याखालची माती स्वतःच थोडाफार अडथळा करते, कारण तिथून बाहेरच्या थंड हवेपर्यंतची वाट लांब असते. कडेला ती वाट आखूड. म्हणून खोलीचा आकार हिशेबात येतो. आयएसओ १३३७० या मानकात क्षेत्रफळाला अर्ध्या परिमितीने भागून एक लांबी काढतात. माझ्या खोलीत ४० भागिले १३, म्हणजे ३.०८ मीटर. खोली जितकी मोठी तितका हा आकडा मोठा आणि जमिनीतून होणारा तोटा दर चौरस मीटरला कमी. माझी खोली लहान आहे, म्हणजे तिला कडाच जास्त.

चिकण मातीची वाहकता (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा) त्याच मानकाप्रमाणे १.५ धरली, भिंतीची जाडी २५० मिमी, इन्सुलेशनची वाहकता ०.०३६. जमिनीचं यू-मूल्य, म्हणजे दर चौरस मीटरमागे आणि दर अंशाच्या फरकामागे किती वॅट निसटतात ते, असं आलं: इन्सुलेशन नसताना ०.८५. ५० मिमी घातलं तर ०.३७. १०० मिमीला ०.२४. १५० मिमीला ०.१८. २०० मिमीला ०.१५.

आत-बाहेरच्या वर्षभराच्या सरासरी तापमानात १० अंशांचा फरक धरला, तर ४० चौरस मीटरमधून सतत जाणारी उष्णता अनुक्रमे ३४०, १५०, ९८, ७३ आणि ५८ वॅट. पहिले ५० मिमी १९० वॅट वाचवतात. पुढचे ५० मिमी ५२ वाचवतात, त्याच्या पुढचे २५, आणि शेवटचे १५.

हे पाहून प्रथम १०० मिमीवर थांबावंसं वाटलं. पण पाईप घातल्यावर कोबा खोलीच्या हवेपेक्षा गरम राहणार. २० अंशांऐवजी २६-२८ अंशांचा कोबा खालच्या मातीवर बसला की फरक १० वरून १६-१८ होतो, आणि प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात फुगतो. तापणाऱ्या कोब्याला एक पायरी जास्त जाडी द्यायची हे त्यातून ठरलं. १५० मिमी.

१६ फेब्रुवारी

रात्री झोप लागेना, म्हणून कडेचा हिशेब केला. कालच्यापेक्षा हा महत्त्वाचा निघाला.

कोब्याची उभी कड: परिमिती २६ मीटर, जाडी ०.१२५ मीटर, म्हणजे ३.२५ चौरस मीटर. ती थेट विटांच्या भिंतीला टेकली आणि पलीकडे बाहेरची हवा असली, तर २५० मिमी विटेचा आणि दोन्ही पृष्ठभागांचा मिळून रोध, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, ढोबळ मानाने ०.५. म्हणजे दर अंशाला साडेसहा वॅट. अख्ख्या ४० चौरस मीटर जमिनीतून १५० मिमी इन्सुलेशनवर दर अंशाला जातात ७.३ वॅट.

हाताच्या पंजाएवढ्या रुंदीची एक पट्टी जवळजवळ सगळ्या जमिनीइतकी उष्णता घालवते. तिथे ५० मिमीची उभी पट्टी लावली की साडेसहाचे पावणेदोन होतात. खालची जाडी १५० वरून २०० करून सगळ्या जमिनीवर मिळून दर अंशाला दीड वॅटही वाचत नाही. तीन-साडेतीन चौरस मीटर साहित्य पाच वॅट वाचवतं.

ज्यांनी ज्यांनी मला आजवर सल्ला दिला त्यांनी जाडीबद्दल सांगितलं, साहित्याबद्दल सांगितलं. कडेचं नाव कोणी काढलं नव्हतं.

२० फेब्रुवारी

आता साहित्य. टेबलावर सहा नमुने आहेत.

खनिज लोकर सर्वांत आधी बाजूला ठेवली. दोन मजल्यांमधल्या, खालच्या स्लॅबला न चिकटवलेल्या जमिनीखाली ती चांगली असते, पण ओल्या मातीवर नाही. भिजली की रोध गेला.

पीआयआर, म्हणजे प्लास्टिकचा एक कडक फेस. वाहकता ०.०२२ च्या आसपास, म्हणजे इतरांच्या दोन-तृतीयांश जाडीत तेवढाच रोध. जिथे जाडीला जागा मिळत नाही, जुन्या घरात दाराची उंची अडते, तिथे हाच घ्यावा. त्याच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचा वर्ख असतो आणि ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, ते ॲल्युमिनियम खातं, म्हणून मध्ये प्लास्टिक लागतंच. माझी अडचण वेगळी आहे. तुकडे कापल्यावर कडा उघड्या पडतात आणि त्या पाणी घेतात. माझी माती वर्षातले कित्येक महिने ओली असते, आणि जाडीची मला टंचाई नाही. गरज नसताना नाजूक वस्तू जमिनीत कशाला गाडायची?

फेसाळ काच हा नमुना मला सर्वांत आवडला. हातात घेतला की काळा, हलका, नखाने खरवडला जाणारा दगड वाटतो. पाणी पीत नाही, भाराखाली हळूहळू बसत नाही, वाळवी पोखरत नाही, जळत नाही. महाग आहे, आणि खालचा पृष्ठभाग अगदी सपाट लागतो, नाहीतर पाटी तडकते. तिचीच खडीही मिळते. त्या खडीची वाहकता ०.०९ च्या आसपास धरली, तर १५० मिमीच्या पाट्यांइतका रोध मिळवायला दाबून बसवल्यावर ३७५ मिमीचा थर लागेल. साधी खडी वाचेल हे खरं, पण तेवढी जागा करायला पायाच्या तळाजवळ खणावं लागेल. बांधलेल्या पायाच्या कुशीतली चिकण माती काढायची माझी तयारी नाही. पाया घालायच्या आधी हा विचार केला असता तर कदाचित हीच घेतली असती.

उरले दोघे भाऊ: एक्सपीएस आणि ईपीएस. दोन्ही पॉलिस्टायरीनच. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोल, मणी फुगवून साच्यात चिकटवलेला. एक्सपीएस सलग फेस करून यंत्रातून पिळून काढलेला, म्हणून त्याच्या पेशी बंद आणि सलग.

२३ फेब्रुवारी

थर्माकोल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीच्या खोक्यातला चुरा येतो. मिस्त्रींनीही तेच विचारलं, “ताई, यावर काँक्रीट? चपटा होईल की.” त्यांची शंका रास्त आहे, म्हणून त्यांच्यासमोरच गणित मांडलं.

ईपीएसच्या नावापुढचा आकडा म्हणजे १० टक्के दबायला लागणारा दाब, किलोपास्कलमध्ये. ईपीएस १०० ला १००, ईपीएस १५० ला १५०. पण कोब्याखाली १० टक्के दबलेला थर मला नको आहे. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या भारासाठी त्या आकड्याच्या साधारण ३० टक्केच धरायचे. म्हणजे अनुक्रमे ३० आणि ४५.

आता भार. १२५ मिमी काँक्रीट स्वतः ३ किलोपास्कल. माणसं, लाकडाच्या थप्प्या, कपाटं यांचे आणखी ३-४. एवढ्याला ईपीएस १०० सुद्धा पुरून उरतो. प्रश्न आहे मोठ्या रंधायंत्राचा. वजन ८०० किलो, चार पाय, म्हणजे एका पायावर साधारण २ किलोन्यूटन. पायाखाली १०० मिमीची चौरस पट्टी. कोब्यातून तो भार ४५ अंशांत पसरत खाली गेला की तळाशी ३५० मिमीचा चौरस होतो. दाब १६ किलोपास्कल. त्यात कोब्याचं वजन मिळवलं की १९-२०. तीसच्या आत बसतं, पण यंत्र थरथरतं आणि उद्या आणखी जड यंत्र येऊ शकतं. म्हणून ईपीएस १५०.

मिस्त्री म्हणाले, “मग हा पायाच्या भिंतीखाली पण चालेल?” तिथे नाही. तिथला भार वेगळा, त्याचं गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायचं. आपला कोबा भिंतींपासून सुटा आहे, त्याच्यावर छपराचं वजन येत नाही, म्हणून हे हिशेब इतके सरळ आहेत.

त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. नॉर्वेत १९७२ साली ऑस्लोजवळ फ्लोमच्या पुलाला जोडणाऱ्या रस्त्याचा भराव सारखा खचत होता, तिथे भरावात ईपीएसचे ठोकळे घातले. त्यावरून रस्ता गेला, वाहनं गेली. तेव्हापासून मऊ जमिनीवर हलका भराव म्हणून त्याचा वापर वाढत गेला. मिस्त्रींनी नमुन्याचा तुकडा पायाखाली ठेवून त्यावर टाचेने जोर दिला आणि मान डोलावली.

२४ फेब्रुवारी

एक्सपीएस का नको, हे नीट लिहायला हवं, कारण बहुतेक जण डोळे मिटून तोच घेतात. तो वाईट नाही. पाण्यात बुडवून ठेवला तरी आकारमानाच्या जेमतेम ०.७ टक्क्यापर्यंत पाणी घेतो. ईपीएस त्याच्या कित्येक पट घेऊ शकतो. कायम पाण्यात राहणारी जागा असती तर मी एक्सपीएसच निवडला असता.

पण माझ्याकडे खाली १५० मिमी धुतलेली खडी आहे. २० मिमीची, बारीक चुरा नसलेली. त्या मोकळ्या जागांतून पाणी केशाकर्षणाने वर चढू शकत नाही. कडेने निचऱ्याचा पाईप आहे. इन्सुलेशन ओलसर हवेत राहील, पाण्यात नाही.

दुसरं कारण वायू. एक्सपीएसच्या पेशींत फुगवण्याचा वायू अडकलेला असतो आणि त्याच्या चांगल्या आकड्यात त्या वायूचा वाटा असतो. वर्षं जातील तसा तो बाहेर पडतो, हवा आत येते आणि रोध उतरतो. ईपीएस पेंटेनने फुगवतात, तो काही आठवड्यांतच निघून जातो. मग पेशींत नुसती हवा उरते. आज मोजलेला आकडा पुढेही तोच.

आणि तिसरं: एक्सपीएससाठी बराच काळ वापरला गेलेला एचएफसी-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट वातावरण तापवतो. कार्बन डायऑक्साइडने किंवा नव्या वायूंनी फुगवलेला मालही मिळतो, पण पाटीवर तसं लिहिलेलं असेल तरच खात्री धरता येते. माझ्यासमोरच्या नमुन्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. उष्णता वाचवायला निघालेल्या माणसाने हे विचारलंच पाहिजे.

ग्राफाइट घातलेला करडा ईपीएसही पाहिला, वाहकता ०.०३१. चांगला आहे, पण उन्हात पटकन तापून वाकतो, आणि आमचं काम उघड्यावर आहे. पांढराच घेते. त्याची जाहीर वाहकता ०.०३५, मी ओलीची तजवीज म्हणून ०.०३६ धरली आहे.

निर्णय: ईपीएस १५०, ७५ मिमीचे दोन थर, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे. कडेला ५० मिमीची उभी पट्टी.

३ मार्च

माल आला. खडी पसरून धुम्मस केली, वर बारीक वाळूचा पातळ थर ओढून पाणसळीने पातळी पाहिली. इन्सुलेशनची पाटी पोकळीवर टेकली तर वजन आल्यावर तिथे मोडते. दोन मीटरची पट्टी फिरवून ५ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तिथे परत वाळू.

वाळवीबद्दल मिस्त्रींनी आठवण दिली हे बरं झालं. वाळवी ईपीएस खात नाही, पण त्यातून बोगदे काढून न दिसता वर चढू शकते. कडेची पट्टी म्हणजे तिच्यासाठी आयती वाट. पट्टीचं तोंड वरून धातूच्या पट्टीने बंद करायचं आणि बाहेरून जोत्याचा वीतभर भाग उघडा ठेवायचा, म्हणजे मातीच्या नळ्या दिसतील.

९ मार्च

काल दोन्ही थर अंथरून झाले होते. रात्री जोराचा पाऊस आला. निचऱ्याचं तोंड अजून मोकळं केलेलं नव्हतं, ती माझी चूक. सकाळी पाहते तर पाट्या तरंगत होत्या.

ईपीएस १५० चं वजन घनमीटरला सुमारे २५ किलो. दोन थर मिळून १५० मिमी, म्हणजे चौरस मीटरला पावणेचार किलो. तेवढं उचलायला चार मिलिमीटर पाणी बास. आमच्याकडे बोटभर होतं. पाट्यांखाली चिकण गाळ शिरला आणि वाळूच्या सपाटीवर ओघळ पडले.

सगळ्या पाट्या काढल्या, धुतल्या, उभ्या करून ठेवल्या. खडीवरचा गाळ खरवडून काढायला दीड दिवस लागला. गाळ तसाच ठेवून वरून पाट्या टाकल्या असत्या तर कोणाला दिसलंही नसतं, पण खडीतल्या मोकळ्या जागा बुजल्या की पाणी वर चढायची वाट तयार होते, आणि ईपीएस निवडण्याचं माझं सगळं कारण त्या मोकळ्या जागांवर उभं आहे.

१७ मार्च

ओल अडवणारा प्लास्टिकचा पडदा इन्सुलेशनच्या वर की खाली, यावर दोन दिवस चर्चा झाली. दोन्हीकडे लोक ठाम असतात. मी वर घातला. खाली घातला तर खडीची टोकं त्याला भोसकतात, आणि ओल्या काँक्रीटचं पाणी पाट्यांच्या सांध्यांत उतरून पडद्यावर साचतं. तिथून ते फक्त वरच्या दिशेनेच जाऊ शकतं. वर घातला की पाट्याच त्याची गादी होतात आणि सिमेंटचं दूध सांध्यांत जात नाही. जाडी ०.४ मिमी, जोडांना २०० मिमी चढ, त्यावर चिकटपट्टी, कडेला भिंतीवर वळवून घेतला.

पडदा आणि काँक्रीट यांच्यामध्ये वाळूचा थर घालायची एक जुनी पद्धत आहे. तो थर पाणी धरून ठेवतो. घातला नाही.

२१ मार्च

जाळी, पाईप. जाळीखाली नेहमीचे अणकुचीदार ठोकळे ठेवले तर ते पडदा फाडून ईपीएसमध्ये रुततात. रुंद बुडाचे आणले. १६ मिमीचे पाईप १५० मिमी अंतराने जाळीला बांधले, वरून निदान ६० मिमी खोल. तडे ठरल्या रेषेतच जावेत म्हणून कोब्याला नंतर ३० मिमी खोल काप द्यायचे आहेत, पात्याला पाईप लागता कामा नये. पाण्याचा दाब ६ बारवर ठेवला. काँक्रीट पडताना काटा हलला तर पाईप फुटल्याचं तिथल्या तिथे कळेल.

२३ मार्च

काँक्रीट पडलं. ढकलगाडीसाठी फळ्या टाकल्या होत्या, पाट्यांवर थेट चाक कुठेच नेलं नाही. काटा हलला नाही.

एका ठिकाणी मात्र हरले. दारापाशी मिस्त्रींनी कडेची पट्टी काढून टाकली होती. त्यांचं म्हणणं, लाकडाची गाडी आत येताना चाक त्या मऊ पट्टीवरून जाईल आणि कोब्याची कड तुटेल. म्हणणं खोटं नव्हतं, पण काँक्रीट दारात येऊन उभं होतं आणि विचाराला वेळ नव्हता. मी २० मिमीची पट्टी कापून उभी केली आणि तिच्यावर लोखंडी उंबरठा येईल अशी खूण केली. हे चित्र आधी काढून त्यांच्या हातात द्यायला हवं होतं.

खालून पडद्यामुळे कोब्याला वाळता येत नाही, वरून मात्र येतं. वरची बाजू आकसली की कडा उचलतात. म्हणून पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ च्या आत ठेवलं आणि संध्याकाळपासूनच ओली गोणपाटं. दहा दिवस ठेवणार. उद्या काप, २.५ बाय २.६७ मीटरचे सहा भाग.

१४ ऑक्टोबर

पाईपांत पहिल्यांदा गरम पाणी. कोबा सहा महिन्यांहून जास्त वाळला आहे. एकाच बाजूने वाळणाऱ्या काँक्रीटला २५ मिमीमागे महिना हा ठोकताळा धरला तरी पाच महिने पुरे होते. पाण्याचं तापमान रोज दोन अंशांनी वाढवत आठवडाभरात ३५ वर आणणार. घाई केली तर तडे.

२ डिसेंबर

कडाक्याची थंडी. बारा टन कोबा एक अंश तापवायला सुमारे ३ किलोवॅट-तास लागतात, आणि तेवढेच तो परत देतो. रात्री दहाला पंप बंद केला तेव्हा मध्यभागी २६.० अंश, सकाळी सहाला २४.१. भिंतीलगत २३.६. कडेची पट्टी आपलं काम करते आहे.

दारापाशी २१.२. उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं की तळव्याला तो वीतभर पट्टा वेगळा कळतो. २० आणि ५० मिमीतला फरक, आणि वरच्या लोखंडाचाही. उंबरठ्याचं लोखंड मधोमध तोडून आत कठीण रबराचा तुकडा बसवता येईल का, ते लोहाराला विचारायचं आहे. तोवर रोज सकाळी दोन्ही जागांचं तापमान याच वहीत.

आज चार तास अनवाणी रंधा मारला.